क्लारा बार्टन : हरवलेल्यांची नावे शोधणारी सेविका



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभा आपल्या मृतांसाठी राखून ठेवते. २ नोव्हेंबरला आपण सर्व मृत भाविकांचे स्मरण करतो, कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि घरातील मृतांची नावे कागदावर लिहून ती वेदीजवळ ठेवतो. ही नावे का लिहायची, असा प्रश्न कधी कोणी विचारत नाही. परमेश्वराला आपली माणसे ठाऊक नाहीत का? ठाऊक आहेत. नाव लिहिण्याची गरज त्याला नाही, आपल्याला आहे. नाव लिहिताना आपण त्या माणसाला गर्दीतून वेगळे काढतो आणि हा आमचा होता, असे सांगतो.

आज ज्या स्त्रीची ओळख करून घ्यायची आहे तिने आयुष्यातील काही वर्षे केवळ याच कामाला दिली. जग तिला रणांगणावर जखमींची सेवा करणारी आणि अमेरिकेत रेड क्रॉस सुरू करणारी म्हणून ओळखते. ती ओळख खरीच आहे. परंतु त्या दोन कामांच्या मधे तिने केलेले तिसरे काम फारसे कोणी सांगत नाही. तिचे नाव क्लारा बार्टन. ती कॅथलिक नव्हती. परंतु दयेला चर्चच्या रजिस्टरात नोंद असावी लागत नाही, हे प्रभूने शोमरोन्याच्या दाखल्यात फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

लाजाळू मुलगी, कामसू शिक्षिका

क्लाराचा जन्म १८२१ साली नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थ ऑक्सफर्ड या गावी झाला. पाच भावंडांत ती सर्वांत धाकटी. वडील तरुणपणी सैन्यात होते आणि शेकोटीजवळ बसून मुलीला लढायांच्या गोष्टी सांगत. मुलगी मात्र इतकी लाजाळू की परक्या माणसासमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. ती साधारण अकरा वर्षांची असताना थोरला भाऊ डेव्हिड धान्याच्या कोठाराचे छप्पर उभारताना वरून पडला आणि अंथरुणाला खिळला. क्लारा जवळजवळ दोन वर्षे त्याच्या उशाशी होती. औषध देणे, त्या काळच्या रीतीप्रमाणे जळवा लावणे, रात्री जागणे हे सर्व तिने केले. भाऊ बरा झाला. आजाऱ्याजवळ असताना आपली भीती कुठे जाते हे कळत नाही, एवढे मुलीला उमगले.

सतराव्या वर्षी ती शिक्षिका झाली. १८५२ साली न्यू जर्सी राज्यातील बॉर्डनटाउन येथे तिने गरिबांच्या मुलांसाठी बिनफीची शाळा सुरू केली. थोड्याच काळात मुलांची संख्या शेकड्यांवर गेली आणि मोठी इमारत बांधावी लागली. तेव्हा व्यवस्थापकांनी मुख्याध्यापक म्हणून एका पुरुषाला आणले व त्याला तिच्यापेक्षा कितीतरी अधिक पगार दिला. क्लाराने राजीनामा दिला. पुढे ती राजधानी वॉशिंग्टनला गेली आणि सरकारच्या पेटंट कचेरीत कारकून झाली. सरकारी कचेरीत बाईने पुरुषाच्या बरोबरीने बसून काम करणे त्या काळी विरळा होते. तेथे तिला टोमणे सोसावे लागले, एकदा नोकरीही गेली. परंतु हजारो कागद क्रमाने लावणे, नोंदी ठेवणे, हवा तो कागद हवा तेव्हा काढून देणे हे ती शिकली, आणि तेच पुढे तिच्या कामी आले.

यादवी पेटली

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडील राज्ये देशातून फुटून निघाली आणि राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या नेतृत्वाखाली उत्तरेकडील राज्ये त्यांच्याविरुद्ध उभी राहिली. चार वर्षे चाललेल्या या युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली. यादवीत भाऊ भावावर शस्त्र उचलतो. येथेही एकाच घरातील माणसे दोन्ही बाजूंना होती.

१९ एप्रिल १८६१ रोजी मॅसॅच्युसेट्सची एक पलटण वॉशिंग्टनकडे जाताना बाल्टिमोर शहरात जमावाने तिच्यावर हल्ला केला. मार खाल्लेले, सामान गमावलेले जवान राजधानीत पोहोचले आणि त्यांना सिनेटच्या सभागृहात उतरवण्यात आले. क्लारा त्यांना भेटायला गेली तेव्हा त्यांतील काही चेहरे तिच्या ओळखीचे निघाले. कधीकाळी ती मुले तिच्या वर्गात बसली होती. तिने घरातील चादरी फाडून रुमाल व टॉवेल केले, सुई-दोरा, साबण, खाण्याचे पदार्थ गोळा करून नेले. मग गावाकडच्या वर्तमानपत्रात निवेदन दिले. पेट्यांवर पेट्या येऊ लागल्या. तिची खोली भरली, तेव्हा तिने कोठाराची सोय केली.

अशा स्त्रिया त्या वेळी देशभर उभ्या राहिल्या होत्या. गावोगावी मदत मंडळे निघाली. चर्चच्या खोलीत, कोणाच्या ओसरीवर बसून बायका पायमोजे विणत, मलमपट्टीच्या पट्ट्या गुंडाळत, मुरंबे आणि लोणची भरत. आरंभी मोठा गोंधळ झाला. प्रेमाने पाठवलेल्या पेटीत मुरंब्याची बरणी फुटायची आणि खालचे सदरे खराब व्हायचे. एका पलटणीकडे ढीग साचायचा, दुसरीकडे काहीच पोहोचायचे नाही. तेव्हा १८६१ च्या जूनमध्ये सॅनिटरी कमिशन नावाची संस्था स्थापन झाली. शहरोशहरी कोठारे उघडली गेली. आलेला माल स्त्रिया वेगळा करत, एका पेटीत एकाच प्रकारची वस्तू भरत, वर चिठ्ठी लावत आणि गरज असेल तेथे रवाना करत. १८६३ साली शिकागोतील स्त्रियांनी याच कामासाठी मोठी जत्रा भरवली. पंचवीस हजार डॉलर जमावेत अशी त्यांची अपेक्षा होती. जमले ऐंशी हजारांहून अधिक.

आपल्या धर्मभगिनीही मागे नव्हत्या. निरनिराळ्या संघांच्या सहाशेहून अधिक कॅथलिक भगिनींनी या युद्धात शुश्रूषा केली. संत विन्सेंट डी पॉल यांच्या परंपरेतील डॉटर्स ऑफ चॅरिटी या भगिनींचे मठ गेटिसबर्गपासून काही मैलांवर होते. १८६३ च्या जुलैमध्ये तेथे तीन दिवस घनघोर लढाई झाली, तेव्हा त्या गाड्यांतून सामान घेऊन रणभूमीवर पोहोचल्या. होली क्रॉस संघाच्या भगिनी मदर अँजेला गिलेस्पी यांच्या मार्गदर्शनाखाली लष्करी इस्पितळे सांभाळत होत्या. या संघाच्या काहीजणींनी ‘रेड रोव्हर’ या नदीतील इस्पितळ-जहाजावर सेवा केली. कॅथलिकांविषयी त्या देशात तेव्हा पुष्कळ आकस होता. ज्यांनी कधी कॅथलिक भगिनी पाहिली नव्हती अशा कितीतरी जवानांचा आकस खाटेवर पडल्या पडल्या गळून गेला.

रणांगणावर

क्लारा मात्र कोणत्याही संस्थेत सामील झाली नाही. तिच्या मनात एक बोच होती. जखमी माणूस राजधानीतील इस्पितळात पोहोचेपर्यंत कित्येक दिवस जात आणि वाटेतच पुष्कळ जण मरत. मदत करायची तर तो पडतो तेथे गेले पाहिजे. बाईने रणांगणावर जाणे अशोभनीय मानले जाई आणि तिलाही तो संकोच होता. १८६२ च्या मार्चमध्ये वडील मृत्युशय्येवर असताना त्यांनी तिला धीर दिला. त्यानंतर तिने अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सामानाच्या गाड्यांसह आघाडीवर जाण्याची परवानगी मिळवली.

१७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटीटम येथे लढाई झाली. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तेवीस हजार सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. क्लारा आपली गाडी घेऊन पोहोचली तेव्हा डॉक्टरांकडच्या पट्ट्या संपल्या होत्या आणि ते मक्याच्या पानांनी जखमा बांधत होते. ती एका जखमीला आधार देऊन पाणी पाजत असताना एक गोळी तिच्या बाहीतून आरपार गेली आणि तो जवान तिच्या हातातच मेला. अंधार पडला तेव्हा डॉक्टरांपाशी मेणबत्तीचा तुकडाच उरला होता. क्लाराने गाडीतून कंदील काढून दिले. रात्र पडणार हे सर्वांनाच ठाऊक होते, परंतु कंदील आणायचे सुचले ते तिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फ्रेडरिक्सबर्ग येथेही ती होती. जखमी दक्षिणेकडचा की उत्तरेकडचा, हे तिने कधी पाहिले नाही.

नावांचा शोध

१८६५ साली युद्ध संपत आले आणि एक वेगळेच दुःख वर आले. हजारो घरांत मुलगा परत आला नव्हता आणि तो मेल्याचेही कोणी कळवले नव्हते. त्या काळी सैनिकाच्या गळ्यात ओळखीचा बिल्ला नसे. काही जवान लढाईपूर्वी नाव लिहिलेला कागद सदऱ्याला टाचून ठेवत. पुढे उत्तरेच्या तीन लाखांवर मृत सैनिकांचे अवशेष राष्ट्रीय दफनभूमींत आणून पुरले गेले, तेव्हा त्यांतील जवळजवळ निम्म्यांची नावे कोणाला सांगता आली नाहीत.

क्लाराने अनेक जखमींची नावे आपल्या वहीत टिपून ठेवली होती. त्यामुळे तिच्याकडे पत्रे येऊ लागली. १८६५ च्या मार्चमध्ये लिंकन यांनी तिच्या या कामाला मान्यता दिली. वॉशिंग्टनच्या सातव्या रस्त्यावर, ती राहत होती त्याच इमारतीत तिची कचेरी सुरू झाली. काम करण्याची रीत साधी होती. घरच्यांच्या पत्रांतून बेपत्ता सैनिकाचे नाव व पलटण उतरवून घ्यायची, राज्यवार याद्या करायच्या, त्या छापून पोस्टात आणि वर्तमानपत्रांत लावायच्या आणि कोणी शेवटचे पाहिले असेल त्याने कळवावे अशी विनंती करायची. मग कोणी सोबती लिहून पाठवायचा की तो अमुक झाडाखाली, अमुक दिवशी गेला. क्लारा ते आईला कळवायची.

जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिल या युद्धकैद्यांच्या छावणीत सुमारे तेरा हजार कैदी भुकेने आणि रोगाने मेले होते. डॉरन्स ॲटवॉटर नावाच्या तरुण कैद्याला तेथे मृतांची नोंदवही लिहिण्याचे काम दिले गेले होते. ही वही उद्या नाहीशी झाली तर काय, या विचाराने त्याने चोरून तिची दुसरी प्रत केली आणि सुटताना ती कपड्यांत लपवून बाहेर आणली. १८६५ च्या उन्हाळ्यात क्लारा त्याच्यासह आणि सरकारी पथकासह तेथे गेली. यादीतील क्रमांक आणि कबरींवरील क्रमांक जुळवून एकेका कबरीवर नावाची पाटी लागली. शेवटी चारशेंच्या वर कबरी तेवढ्या अनामिक राहिल्या. ज्या मुलाच्या यादीमुळे हे घडले, त्यालाच ती यादी परत घेतल्याबद्दल लष्कराने तुरुंगात टाकले. क्लारा त्याच्या सुटकेसाठी झगडली आणि तो सुटला.

एक गंमतीचा परंतु विचार करायला लावणारा प्रसंगही घडला. यादीत आपले नाव वाचून एका माणसाने रागाने पत्र पाठवले की आपण जिवंत असताना आपले नाव असे चव्हाट्यावर का मांडले. क्लाराने त्याला कळवले की हे नाव तिने शोधलेले नाही, त्याच्या घरच्यांच्या काळजीने ते तिच्यापर्यंत पोहोचवले आहे.

ही कचेरी १८६८ पर्यंत चालली. त्रेसष्ट हजारांवर पत्रे आली आणि बावीस हजार बेपत्ता सैनिकांचे काय झाले ते घरच्यांना कळले. पुढे कचेरीचा विसर पडला. १९९० च्या दशकात ती जुनी इमारत पाडण्यापूर्वी पाहणी करणाऱ्या सरकारी सुताराला माळ्यावर कागदपत्रे आणि कचेरीची पाटी सापडली. आज तेथे संग्रहालय आहे.

रेड क्रॉस आणि अखेर

थकलेली क्लारा १८६९ साली युरोपात गेली. जिनिव्हा येथे तिला रेड क्रॉसची माहिती मिळाली. त्या कार्याचे बीजही स्त्रियांच्याच सेवेत होते. १८५९ साली इटलीत सोल्फेरिनो येथे लढाई झाली, तेव्हा कास्तिल्योने गावातील बायकांनी चर्चमध्ये आणलेल्या जखमींची, शत्रू-मित्र न पाहता, सर्व भाऊच आहेत असे मानून शुश्रूषा केली. ते पाहून आंरी ड्युनां यांना या संस्थेची कल्पना सुचली. क्लाराने मायदेशी परतून कित्येक वर्षे खटपट केली आणि २१ मे १८८१ रोजी अमेरिकेत रेड क्रॉसची स्थापना झाली. युद्ध नसतानाही पूर, आग, वादळ अशा संकटांत या संस्थेने धावून जावे, हा आग्रह तिचा होता. १८८९ साली पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउन येथे धरण फुटून दोन हजारांहून अधिक माणसे वाहून गेली, तेव्हा सदुसष्ट वर्षांची क्लारा तेथे पोहोचली आणि पाच महिने राहिली.

आपल्या पंडिता रमाबाई त्याच सुमारास, १८८६ ते १८८८ या काळात, अमेरिकेत होत्या. तेथील लोकजीवन आणि स्त्रियांच्या संस्था पाहून त्यांनी १८८९ साली मराठीत सविस्तर पुस्तक लिहिले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुलींना आणून केडगावला त्यांचे बिऱ्हाड थाटले, तेव्हा नुसती हळहळ पुरत नाही, व्यवस्था उभारावी लागते, हे महाराष्ट्रानेही पाहिले.

क्लारा निर्दोष नव्हती. कामाची सूत्रे दुसऱ्याच्या हाती देणे तिला जमत नसे. कधी काम नसले की ती खोल नैराश्यात जाई. म्हातारपणी तिच्या संस्थेच्या हिशेबांविषयी तक्रारी झाल्या आणि १९०४ साली तिला पद सोडावे लागले. १२ एप्रिल १९१२ रोजी, नव्वदाव्या वर्षी, तिचे निधन झाले. ती अविवाहित होती. इतरांच्या हरवलेल्या मुलांसाठी तिने केले तेवढे पुष्कळांना स्वतःच्या मुलांसाठीही करता येत नाही.

आपल्यासाठी

संत थॉमस अक्वायनस दयेविषयी लिहिताना एक भेद करतात. दुसऱ्याचे दुःख पाहून मन कळवळते ती केवळ भावना होय. तीच भावना विवेकाच्या स्वाधीन होऊन योग्य कृती करते तेव्हा ती सद्गुण ठरते. दयाळू शोमरोन्याला कळवळा आला, परंतु तो तेथे थांबला नाही. त्याने जखमा बांधल्या, जनावराची सोय केली, उतारशाळेच्या मालकाला पैसे दिले आणि उरलेला हिशेब परत येताना चुकता करण्याचे ठरवले. मृतांना मूठमाती देणे हे दयेच्या शारीरिक कृत्यांपैकी सातवे कृत्य ख्रिस्तसभा मानते. जिवावर उदार होऊन आपल्या लोकांचे देह पुरणारा तोबीत त्याचे उदाहरण आहे. क्लाराची वही, तिचे कंदील आणि तिच्या याद्या त्याच वाटेवरच्या आहेत.

हे सर्व दूरदेशीचे वाटते काय? वरंध, महाड आणि पोलादपूरच्या माणसांना तरी ते दूरचे वाटू नये. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा पूल एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेची वाडी डोंगराखाली गेली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही घरे गाडली गेली. यांतील काहींचे देह शेवटपर्यंत सापडले नाहीत. नदीकाठी दिवसेंदिवस उभे राहणारे नातेवाईक आणि क्लाराला पत्र लिहिणाऱ्या आया एकाच प्रश्नाशी येऊन थांबल्या होत्या. माझ्या माणसाचे काय झाले?

म्हणून या महिन्यासाठी दोन कामे सुचवतो. मृतांची नावे लिहिताना ज्यांना कबर मिळाली नाही, ज्यांना अग्नी देता आला नाही, अशांचीही नावे लिहा, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. नाव ठाऊक नसेल तर गाव लिहा. पवित्र मिस्सामध्ये आपण त्या सर्वांसाठी प्रार्थना करू.

दुसरे काम जिवंतांचे आहे आणि ते महिला मंडळाने आणि तरुणांनी मिळून, शेजारच्या सर्व घरांना बरोबर घेऊन करावे. पुढचा पावसाळा येण्याआधी प्रत्येक वाडीची एक वही करा. कोणत्या घरात किती माणसे, म्हातारे कोण, आजारी कोण, बाळंतीण कोण, मुंबई-पुण्याला कामाला कोण गेले आहे, त्यांचा फोन नंबर काय. दर महिन्याला ती ताजी करा आणि एक प्रत वाडीबाहेर, सुरक्षित ठिकाणी ठेवा. दरड कोसळते तेव्हा घरात कोण होते, हा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर देणारेही अनेकदा त्याच मातीखाली असतात. ही वही असेल तर शोधणाऱ्याला कोठे खणायचे ते कळेल आणि कोणाचेही नाव राहून जाणार नाही.

मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे प्रभू येशू आपल्याला सांगतो. त्याच्या वहीत सर्वांची नावे आहेत. आपल्या वहीतही ती असावीत, एवढीच प्रार्थना.